हिरव्या गुरुवारच्या जुड्या

बागेतल्या शेडमागच्या उतारावर रानलसूण तोडायची नाही, आणि जिथे तोडाल तिथेही एकेक पान बघून खुडायचं, मूठ भरून कापायचं नाही, असं सिग्रुनबाई श्रमदानाला जमलेल्या सगळ्यांना बजावत होत्या. त्या वेळी रोन्या आपल्या लेकीच्या पँटचे पाय मोज्यांत खोचत बसली होती. गोचिडांचे दिवस होते. मेर्ले तीन वर्षांची, गवत दिसलं की त्यात लोळणारी. रोन्याने बाईंचं बोलणं ऐकलं, मान डोलावली आणि मनात म्हणाली, चांगली जागा बाईंनी स्वतःसाठी राखलेली दिसते.

असं वाटायला थोडं कारणही होतं. सिग्रुन क्रूमबीगल या सामायिक बागेच्या मंडळाच्या अध्यक्ष. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या, त्यामुळे समोर माणूस दिसला की सूचना सुटलीच. झारी पालथी ठेवा, शिजलेलं अन्न कंपोस्टात टाकू नका, फाटक लावून घ्या, सशांना आमंत्रण नको. मार्चमध्ये नळांना पाणी सोडण्यापासून ऑक्टोबरात सफरचंदांचा रस काढेपर्यंत वर्षभर हा पट्टा चालायचा. इतक्या सूचनांत खरी धोक्याची कुठली आणि सवयीची कुठली, हे निवडणं अवघड होतं. शेडमागे घंटीफुलं उगवतात, त्यांची विषारी पानं रानलसणासारखीच दिसतात, असंही बाई म्हणाल्या होत्या. रोन्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. रानलसणाला लसणाचा वास येतो, घंटीफुलाच्या पानाला येत नाही. लाइपझिगमध्ये वाढलेल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं.

बेसावध राहणं रोन्याच्या स्वभावातच नव्हतं. उलट मेर्ले झाल्यापासून तिचा कशावरच विश्वास उरला नव्हता. वाळूच्या खड्ड्यात काचा असतील, शेजारच्या वाफ्यात कोणी चोरून औषध मारत असेल, कुंपणाबाहेर उभा असलेला माणूस उगाच उभा नसेल. त्या माणसाचं तर तिला नावही माहीत होतं. पेट्सोल्ड. साठीच्या पुढचा, चाकांची पिशवी ओढत येणारा, मंडळाचा सभासद नसलेला. फाटकाजवळ एक फळी होती. बागेत जास्तीचं काही निघालं की तिथे ठेवायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं, अशी रीत. पेट्सोल्ड नेमका फळी भरलेली असतानाच उगवायचा आणि एका माणसाला लागेल त्याच्या कितीतरी पट घेऊन जायचा. एकटा माणूस एवढ्या नाशपाती खाईल कशा? गेल्या शरदात रोन्याच्या मनात पाल चुकचुकली. तिने लांबून त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, हा माल बाजारात विकला जातोय का? एकदा तर मेर्लेची गाडी ढकलत ती त्याच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जाऊन आली होती. फोटोची गोष्ट कोणीतरी त्याच्या कानावर घातली असावी. हिवाळाभर तो फिरकला नाही.

बुधवारच्या त्या श्रमदानाला तो कुंपणाबाहेर पुन्हा दिसला. रोन्याचा एक डोळा कात्रीवर, एक मेर्लेवर आणि उरलेलं सगळं लक्ष त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी हिरवा गुरुवार. ईस्टरच्या आधीच्या या गुरुवारी घरोघरी हिरवं सूप होतं, म्हणून दरवर्षी त्याच्या आदल्या दुपारी वाफे खणून झाले की सगळे रानलसूण गोळा करतात. एक जुडी आपल्या घरी, बाकीच्या फळीवर. पुढच्या बाजूची पानं संपत आली तेव्हा रोन्या शेडला वळसा घालून मागे गेली. उतारावर रुंद, कोवळी, दाट पानं. बाईंचं बिंग फुटलं असं वाटून तिला जरा गंमतच वाटली. तिने एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. लसणाचा वास आला. दुसरं नेलं. आला. मग तिने कात्री चालवली. मूठ धरायची, कापायचं, मूठ धरायची, कापायचं. चार जुड्या झाल्या. पांढऱ्या दोऱ्याने बांधून तीन तिने फळीवर ठेवल्या आणि चौथी घरी नेली.

गुरुवारी दुपारी ती पानं धुवायला बसली. रानलसणावर कोल्ह्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी येतात, हे तिने वाचलं होतं आणि त्याची तिला मनापासून धास्ती होती. म्हणून प्रत्येक पान वेगळं धरून, दोन्ही बाजूंनी चोळून ती नळाखाली धूत होती. मेर्ले स्टुलावर उभी राहून पाण्यात बोटं बुडवत होती. धुता धुता रोन्याच्या हातात एकाच देठाची दोन पानं आली. एक दुसऱ्याच्या कुशीत गुंडाळलेलं. रानलसणाचं पान आपल्या देठावर एकटं असतं. तिने पानं उलटली. पाठ चकचकीत होती.

तिने नाकाशी धरलं. लसूण. मग आपला रिकामा हात नाकाशी धरला. लसूण. काल दुपारपासून तिच्या बोटांना दुसरा वासच नव्हता. शेडमागे जाण्याआधीच तिने दोन पेंड्या रानलसूण तोडली होती, त्या हाताने कुठलंही पान चुरगाळलं असतं तरी वास तोच आला असता.

ढिगात तशी जोडपानं आणखी निघाली. रोन्याने मेर्लेला उचलून खाली ठेवलं, तिचे हात साबणाने धुतले, तोंड उघडायला लावून जीभ बघितली, पुन्हा हात धुतले. भांडं अजून गॅसवर चढलंही नव्हतं. घरातलं संकट टळलं होतं, पण फळीवर तीन जुड्या होत्या.

विषबाधेच्या हेल्पलाइनवरची बाई शांतपणे बोलत होती. घंटीफुलाचं विष हृदयावर जातं, शिजवल्याने जात नाही. आधी मळमळ, उलट्या, मग नाडी मंद व्हायला लागते. कोणी खाल्लं असेल तर वाट बघत बसू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. वयस्कर माणूस असेल, हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर धोका जास्त. मग तिने विचारलं, कोणी खाल्लंय? रोन्या म्हणाली, ते मला माहीत नाही.

मग तिने सिग्रुनबाईंना फोन करून झालेलं सांगितलं. आता तासभर ऐकून घ्यावं लागणार असं तिने धरलं होतं. पण तसं झालं नाही.

"शेडमागून?" बाईंनी विचारलं.

"हो."

"बरं. बोलणी मी तुला सवडीने खायला घालीन, तयारीत राहा. आत्ता फळी बघ. मी निघालेच."

सायकलच्या मागच्या खुर्चीत मेर्लेला बांधून रोन्या बागेत पोचली. फळी रिकामी होती. कोणी नेलं असेल याचा तिला विचारही करावा लागला नाही. त्याच्या घरी जाताना तिच्या मनात भीती होती, त्याहून जास्त राग होता. सगळं एकट्याने उचलायची काय गरज होती या माणसाला?

पेट्सोल्डने दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून त्याने आधी तिच्याकडे आणि मग कडेवरच्या मुलीकडे पाहिलं.

"काल फळीवरून तुम्ही काय नेलंत?" रोन्याने विचारलं.

"काही नाही."

"खरं सांगा, पेट्सोल्डसाहेब. मी पाहिलंय तुम्हाला तिथे."

"मग फोटो काढला असेलच. त्यात बघा." दार बंद झालं.

ती जिन्यात उभी राहिली. एक क्षण तिला हायसंही वाटलं. नाही म्हणतोय म्हणजे नेल्या नसतील, आपण सुटलो. पण जिन्यात बटाटे उकडल्याचा वास होता आणि त्यात लसणाचा. आपल्याच हाताचा असेल म्हणून तिने हात पाठीमागे धरले, तरी वास येतच राहिला. मग तिला कळलं की हा माणूस खोटं बोलतोय, आणि त्याने खोटं बोलावं असंच आपण विचारलं.

तिने पुन्हा दार वाजवलं. या वेळी ती दाराशीच बोलली. "पेट्सोल्डसाहेब, तुम्ही नेल्यात म्हणून मी भांडायला आलेली नाही. त्या जुड्या मी बांधल्या होत्या. माझ्या हातून त्यांत घंटीफुलाची पानं गेलीत. चूक माझी आहे. खाऊ नका, एवढंच सांगायचंय. खाल्लं असेल तर तेही सांगा."

साखळी निघाली.

ओट्यावर पातेल्यात बटाटे रटरटत होते. बाजूच्या पाटावर हिरवा चिरलेला ढीग. रानलसूण सगळ्यात शेवटी घालतात, आधी घातली तर चव उडून जाते. तेवढ्यासाठी तो थांबला होता. रोन्याने ढिगात बोट फिरवलं. चिरल्यावर ओळखायला काही उरलंच नव्हतं. पेट्सोल्डने पाट कचऱ्याच्या डब्यात उपडा केला, मग हात धुतले आणि स्टुलावर बसला.

दुसरी जुडी त्याने खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिली होती. रोन्या धावत खाली गेली. त्या बाईंनी ती शुक्रवारच्या माशांबरोबर करायची म्हणून फ्रिजमध्ये ठेवली होती, अजून दोरासुद्धा सोडला नव्हता. जुडी परत घेताना बाईंनीच हिच्याकडे संशयाने पाहिलं. दिलेलं परत मागायला येणारी ही कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, आणि रोन्याने तीनदा समजावूनही ते पुरतं गेलं नाही.

"तिसरी?" वर येऊन तिने विचारलं.

पेट्सोल्ड खिडकीबाहेर बघत होता. ट्रामच्या थांब्यावर एक म्हातारी बाई भेटते, तो म्हणाला. बुटका कुत्रा असतो बरोबर, तोंडाशी पांढरा झालेला. ती कुत्र्याला जाकिटातून बिस्किट देते, पेट्सोल्ड तिला फळीवरचं काहीबाही देतो. काल जुडी दिली. हिरव्या गुरुवारी सूप करायचं कित्येक वर्षांत राहूनच गेलंय, असं ती म्हणाली आणि खूश होऊन गेली.

"नाव काय त्यांचं?"

"ठाऊक नाही."

"राहतात कुठे?"

"पुलापलीकडे. त्या लांबलचक रांगेतल्या घरांत कुठेतरी."

"इतक्या वेळा भेटता आणि नाव विचारलं नाहीत?"

तो पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "एकट्या बाईला नाव-पत्ता विचारला की लोकांना वाटतं, याला हवंय तरी काय. तुम्हाला वेगळं सांगायला नको."

नाशपाती तो विकायचा की वाटायचा, हे तिने तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. पण त्याच्या घरात तेवढ्या घाईतही तिची नजर कोपऱ्यातल्या चाकांच्या पिशवीवर गेली, आणि ती गेलेली त्याने पाहिली.

रोन्या फोनवर बाईंना सगळं सांगून पेट्सोल्डबरोबर निघाली. सिग्रुनबाई पुलावर भेटल्या. त्यांनी पोलिसांना कळवून झालं होतं. नाव नाही, घर नाही, म्हटल्यावर तिकडून गस्तीची गाडी पाठवतो एवढंच आश्वासन मिळालं, आणि गाडी खरंच एकदा रस्त्यावरून हळू फिरून गेली. पलीकडे सारख्याच दिसणाऱ्या घरांची रांग. प्रत्येक दाराशी घंट्यांची पाटी, पाटीवर आडनावं. आडनावावरून वय कळत नाही, कुत्राही कळत नाही. त्यांनी घंट्या वाजवायला सुरुवात केली. बरेच लोक ईस्टरला गावाला गेलेले. जे होते त्यांतले काही दाराच्या इंटरकॉमवरूनच, आम्हाला काही नको, म्हणून ठेवून देत. एका तरुण बाईने वरच्या खिडकीतून बराच वेळ तिघांना न्याहाळलं. एक शिक्षिका, एक चाकांच्या पिशवीवाला, एक सायकलवाली, कडेवर पेंगलेलं मूल. रोन्याने हाक मारून विचारलं तेव्हा तिने पडदा ओढून घेतला. रोन्याला तिचा राग आला नाही. कालपर्यंत तीही असाच पडदा ओढणारी होती.

पेट्सोल्ड प्रत्येक दाराशी वाकून कान लावत होता, कुत्रं भुंकतंय का ते ऐकायला. दोनदा भुंकलं. दोन्ही वेळा धावत गेले, दोन्ही वेळा दुसराच कुत्रा. सिग्रुनबाईंनी शहरातल्या इस्पितळांना फोन लावले. तशी कोणी आलेली नाही, असं सगळीकडून उत्तर आलं. याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, हे त्यांनाही सांगता येईना.

उन्हं कलली. स्वयंपाकघरांतले दिवे लागायला लागले. म्हणजे ज्यांनी दुपारी सूप केलं नव्हतं ते आता करत होते. रोन्या एका पायरीवर बसली आणि मेर्लेच्या केसांत तोंड खुपसून रडायला लागली. उद्या गुड फ्रायडे, सगळं बंद. कोणी कोणाकडे जाणार नाही, आणि सोमवारपर्यंत कोणाला चुकल्यासारखंही वाटणार नाही.

"रडून झालं की लिही," सिग्रुनबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून बागेच्या पाट्यांसाठी आणलेले पुठ्ठे आणि जाड पेन काढलं. "आम्ही दोघं चिकटवतो. शब्द तुझे असू देत. आणि पोरी, सरळ लिही. माझ्यासारख्या शंभर सूचना नकोत. एकच सांग."

रोन्याने डोळे पुसले आणि लिहिलं. अंधार पडेपर्यंत त्या रांगेतल्या प्रत्येक दारावर तोच मजकूर लागला होता:

"तुम्ही हे वाचताय म्हणजे या घरात तुमची ये-जा आहे. माझी नाही. तुमच्या इमारतीत एक वयस्कर बाई राहतात का, ज्यांचा बुटका कुत्रा तोंडाशी पांढरा झाला आहे? त्यांना काल रानलसणाची एक जुडी मिळाली. ती मी बांधली होती आणि तिच्यात घंटीफुलाची विषारी पानं आहेत. मला त्यांचं नाव माहीत नाही, कोणता मजला तेही माहीत नाही. तुम्हाला कदाचित माहीत असेल. त्या घरी ठीक असतील, नाहीतर कुत्रा फिरवायला गेल्या असतील, असं धरून चालू नका. आत्ता वर जा आणि त्यांचं दार वाजवा. उघडलं नाही तर कुत्र्याचा आवाज येतो का ऐका, आणि मदत बोलवा. माझ्यावर विश्वास नसला तरी चालेल, पण जाऊन बघा."