मेघाचं तयार पान

माणूस मेल्याची बातमी सगळ्यांच्या आधी आपल्याकडे असावी, ही खाज इंद्रजीतला कुठून लागली कोण जाणे. शहापूरच्या बाजारात त्याचं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. २००६ साली त्याने स्वतःची वेबसाइट काढली आणि तिला नाव दिलं 'सांगावा'. शहापूर आणि मुरबाड तालुक्यात कुणी गेलं की त्याचा फोटो, जलदान विधी कधी, दशक्रिया कुठे, सगळं सांगावावर यायचं.

त्याची आई धोंडाबाई हे ऐकून तोंडाला पदर लावून बसली होती. "इंद्या, तुझा आजा पांडू ह्याच कामापायी मेला रे. गावात कुणी मेला का उन्हातान्हात सांगावा घेऊन पळायचा, आन ज्यांच्या दारात जायाचा तेच त्याला शिव्या घालायचे. छप्पन साली आपल्या लोकांनी लाथ मारली त्या कामाला. तू पुन्ना उचलतंस?"

"आये, तो चालत जायचा. मी बसून करतो," इंद्रजीत म्हणाला. आईच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसलं नाही असं नाही. पण पोरगा शिकला की आईचं बोलणं त्याला अडाणी वाटतं, ही तर घरोघरची रीत.

साइट चालेना, ही मात्र खरी गोष्ट होती. लोक सर्च इंजिनमध्ये मेलेल्याचं नाव टाकायचे आणि काहीच यायचं नाही. सर्च इंजिन सांगावाकडे फिरकायचं पंधरवड्यातून एकदा. तोवर तेरावं जेवून लोक हात धुऊन मोकळे. बैल गेला नि झोपा केला, असा सगळा कारभार. दुबईला असलेला एखादा भाचा फोन करून म्हणायचा, "तुमच्या साइटवर मामाचं नाव कुठाय?" मग इंद्रजीत दात-ओठ खायचा.

आपल्याकडून तरी उशीर नको म्हणून त्याने तयार पानं करायला सुरुवात केली. डॉक्टरांनी कुणाला 'घरी न्या' म्हटल्याचं कानावर आलं की हा त्याचं पान लिहून ठेवायचा. लग्नातला एखादा फोटो मिळवायचा, गुण लिहायचे, पाठीमागे कोण कोण ते लिहायचं, तारखेची जागा तेवढी कोरी. मोठ्या पेपरवाल्यांकडेही असंच असतं म्हणे. ही पानं साइटच्या फोल्डरमध्येच पडून असायची, पण त्यांना कुठूनही लिंक नव्हती. ज्या पानाला लिंक नाही ते कुणाला दिसत नाही, अशी याची पक्की समजूत.

आणि मग त्याच्याच घरात दुखणं शिरलं. मेघा, त्याची बायको. वय तिशीच्या आतलं, अंगणवाडीत शिकवायची, हसली की गल्लीला कळायचं. दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला कल्याणला डायलिसिसला न्यायचं, आणि येताना ती जीपमध्ये त्याच्या खांद्यावर मान टाकून पडलेली असायची.

२००८च्या एप्रिलमध्ये एकदा ती शुद्धीवरच येईना. डॉक्टर म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलवून घ्या." मेघाचा थोरला भाऊ मुकेश आसनगावहून धावत आला, वॉर्डाच्या दाराशी बसून ओक्साबोक्शी रडला. आणि इंद्रजीत? तो हॉस्पिटलसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन बसला आणि त्याने मेघाचं पान लिहिलं. रडत लिहिलं, हेही सांगायला हवं. हाताला दुसरं कामच ठाऊक नव्हतं. 'मनमिळाऊ, कष्टाळू, लेकरांची लाडकी बाई' असं लिहिलं. तोंडावर कधी तिला एवढं बोलला नव्हता. शेवटी 'शोकाकुल' म्हणून स्वतःचं, आईचं आणि मुकेशचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी मेघाने डोळे उघडले आणि पेज मागितली.

पान तेव्हाच पुसायला हवं होतं. का नाही पुसलं? विसरला म्हणावं तर विसरला नव्हता. पुढेमागे लागेल म्हणून ठेवलं. हो, असंच. आपल्या बायकोचं पान पुढेमागे लागेल म्हणून ठेवणारा माणूस वाईटच असतो असं नाही, पण चांगला म्हणायलाही जीभ रेटत नाही.

जुलैत देव पावल्यासारखी गोष्ट झाली. मुकेशची किडनी मेघाला जुळली आणि तो देतो म्हणाला. मुकेश मुंबईला फोर्टात एका ऑफिसात नोकरीला, दोन मुलींचा बाप. त्याची बायको संघरत्ना आधी आडवी आली होती. "उद्या तुमालाच काय झालं तर पोरींकडे कोण बघणार?" असं तिचं म्हणणं, आणि ते अगदीच चुकीचं होतं असंही नाही. शेवटी मुकेशने तिला समजावलं, तिने संमतीपत्रावर सही करायचं कबूल केलं, आणि ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलं. मेघाने त्या दिवशी शेजारणींना बोलावून चहा पाजला. स्वतःला चहा अर्धा कप, मापातला, पण पाजला.

त्यानंतर ऑगस्टमध्ये, एका रिकाम्या दुपारी, इंद्रजीतने काय केलं असेल? मेघाचं पान उघडलं. त्यातला फोटो अंधुक होता, तो काढून त्याने नारळीपौर्णिमेचा नवा, स्वच्छ फोटो टाकला. एक ओळ सुधारली. हात खाजवतो म्हणतात ना, तसं. सुतार जाता जाता दुसऱ्याच्या दारावरून हात फिरवतो, त्यातलाच प्रकार. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण मनात काय होतं ते पानावर उमटत नाही. पानावर उमटते तारीख.

सप्टेंबरात त्याला साइटमॅपचा शोध लागला. कल्याणला डायलिसिसच्या चार तासांत तो एका कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे जाऊन बसायचा, त्याने सांगितलं. साइटमॅप म्हणजे एक साधी एक्सएमएल फाइल. आपल्या साइटवर कुठली पानं आहेत, प्रत्येकाचा पत्ता काय, ते शेवटचं कधी बदललं, एवढंच तिच्यात असतं. ही फाइल सर्च इंजिनच्या हवाली केली की त्याला तुमच्या साइटवर अंदाजाने फिरत बसावं लागत नाही. कुठलं पान नवं, कुठलं बदललं ते बघून ते थेट तिथेच येतं. "रोज बदलणाऱ्या साइटला हे पायजेच," क्लासवाला म्हणाला, "आन प्रत्येक पानाखाली शेवटच्या बदलाची तारीख पन टाक. लोकांचा विश्वास बसतो."

इंद्रजीतला आभाळ ठेंगणं झालं. फाइल रोज हाताने लिहिणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून त्याने एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला. तो प्रोग्रॅम साइटचं अख्खं फोल्डर चाळायचा, लिंक असो नसो, सापडेल ते पान फाइलीत घालायचा आणि शेवटच्या बदलाच्या तारखा फाइलीत नि पानांखालीही आपणहून टाकायचा. मध्येच प्रोग्रॅमने विचारलं होतं, कुठली पानं वगळायची आहेत का? इंद्रजीतने न वाचता पुढचं बटण दाबलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

आठवडाभरात चमत्कार झाला. सकाळी टाकलेलं पान संध्याकाळी सर्चमध्ये दिसायला लागलं. इंद्रजीत येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून दाखवायचा. मेघालाही सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "मेलेल्यांची एवढी सोय. जित्यांसाठी पन कायतरी काढा."

पहिला दणका मुरबाडहून आला. दीपेश नावाचा माणूस जीपमधून उतरून सरळ दुकानात शिरला. त्याचा बाप कुंडलिक लकव्याने आजारी होता आणि त्याचं पान तयार होतं.

"अरे भाड्या, आमचा बाप ओटीवर बसून विडी ओढतंय, आन सुरतहून माझा चुलता हार घेऊन आला!" दीपेश ओरडला. "बापाने इचारलं, हार कोनाला रं? काय सांगू त्याला? तुझं नाव सांगू?"

दीपेशच्या हातापाया पडून इंद्रजीतने त्याला कसाबसा वाटेला लावला आणि फोल्डर उघडलं. तयार पानं सगळीच्या सगळी साइटमॅपमध्ये गेली होती. त्याने सगळ्यांत आधी मेघाचं पान पुसलं, मग बाकीची. त्याला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी ऑफिसातून परतताना मुकेश घरी न जाता दुकानात आला. बॅग खांद्यावरून न काढताच खुर्चीत बसला.

"दाजी," तो म्हणाला, "मेघाचं नाव टाका."

"कुठं?"

"सर्चमदी. टाका ना. आमच्या ऑफिसातल्या पोराने टाकलं. मला म्हनला, साहेब, तुमच्या भयनीला किडनी द्यायची व्हती ना? ती तर गेली."

इंद्रजीतने नाव टाकलं. पहिल्याच जागी ती होती. पान पुसलेलं होतं, पण सर्च इंजिनने आपल्याकडे उतरवून ठेवलेली प्रत तशीच होती. नारळीपौर्णिमेचा फोटो, हसरी मेघा, वर कैलासवासी वगैरे काही नाही, नुसतं 'भावपूर्ण आदरांजली'. दोन वर्षं ज्या पहिल्या जागेसाठी तो जीव टाकत होता, ती अशी मिळाली.

"मुकेशदादा, शपथेवर सांगतो, हे एप्रिलातलं हाय. ती बेशुद्ध व्हती तवाचं. मी घाबरलेलो."

"एप्रिलातलं आसतं तर मी काय बोललो नसतो. मी पन तवा रडलो व्हतो." मुकेशने पडद्यावर बोट ठेवलं. "खाली वाचा. शेवटचा बदल, ऑगस्ट. मी जुलैत हो म्हनलो, दाजी. मी माझ्या पोरींच्या आईला पाया पडून राजी केली, आन तुमी ऑगस्टात माझ्या भयनीचा मयताचा फोटो बदलत बसलेले?"

इंद्रजीतने पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

"वर मला शोकाकुल करून ठेवलाय," मुकेश म्हणाला. "संघरत्नाने वाचलं. ती म्हनते, ज्याची बायको त्यालाच आशा नाय, मंग तुमी पोट कशाला फाडून घेताव? काय सांगू तिला? आता ती सही करनार नाय."

"तुमी सांगितलं तर करल."

मुकेश उठला. "मी नाय सांगनार," तो म्हणाला.

आता मुकेश आधीपासूनच पाय मागे घ्यायला जागा शोधत होता का, हा प्रश्न इंद्रजीतच्या मनात आला. ऑपरेशनचं नाव काढलं की अलीकडे तो घाम पुसायचा, हे त्याने पाहिलं होतं. असेलही. जिवाची भीती कुणाला नसते? पण जागा शोधणाऱ्याला दार उघडून देणारा कोण, ते इंद्रजीतला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो आसनगावला चार खेपा घालून आला. संघरत्नाने दर वेळी चहा दिला आणि दर वेळी सही नाही म्हणून सांगितलं. शेवटी मेघाला सांगावंच लागलं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, धोंडाबाई तिचे पाय चेपत होती. इंद्रजीतने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्याला वाटलं, ओरडेल, रडेल, ताट भिरकावेल. त्याने तशी तयारीच केली होती.

"एप्रिलातलं मला कळतंय," मेघा म्हणाली. "ऑगस्टात कशाला उघडलं?"

"फोटो अंधुक व्हता."

"आन तवा मी बरी व्हनार व्हते, हे तुमच्या डोक्यात नाय आलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती आणि इंद्रजीतला तेवढंही सुचलं नाही.

मेघाने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तुमी मला मारलं नाय," ती म्हणाली. "तुमी नुसती वाट बघत व्हते." मग ती सासूकडे वळली. "आये, उद्या कल्याणला जायाचं हाय. माझी पिशवी भरून ठेवा."

धोंडाबाईने पिशवी भरली. पोराशी ती त्या दिवसापासून कामापुरतं बोलू लागली.

मेघा त्यानंतर शिमग्यापर्यंत जगली. ती त्या पानाबद्दल पुन्हा एक अक्षर बोलली नाही. जीपमध्ये मात्र ती आता त्याच्या खांद्यावर मान टाकत नसे. खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसायची, धक्के बसायचे, कपाळाला टेंगूळ यायचं, तरी तिथेच. इंद्रजीत म्हणायचा, "इकडं टेक गो." ती म्हणायची, "ऱ्हावंद्या, मी हाय बरी." साइट त्याने कधीच बंद केली होती. तिला ते सांगितलं, तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली.

ती गेली तेव्हा अख्खी गल्ली जमली. मुकेश आला आणि त्याने बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून असा हंबरडा फोडला की बघ्यांचे डोळे भरून आले. "मी देनार व्हतो गो!" तो आक्रोश करत होता. "माझी किडनी तयार व्हती! हिच्या नवऱ्यालाच घाई झाली!"

बायका हळहळल्या. भाऊ असावा तर असा, म्हणाल्या. कुणीतरी मुकेशला पाणी दिलं, कुणी त्याची पाठ चोळली. मग सगळे इंद्रजीतकडे बघू लागले, तो काही बोलतो का म्हणून.

मुकेशच्या 'मी देनार व्हतो'मधलं खोटं इंद्रजीतला नेमकं माहीत होतं. ते खोटं आहे एवढं म्हणायला आधी ऑगस्टात बदललेल्या फोटोचं खरं सांगावं लागलं असतं. तो मेघाच्या उशाशी बसून राहिला आणि तिच्या कपाळावरचं टेंगूळ अंगठ्याने चोळत राहिला.