तात्यासाहेबांची बाजू

आमचे हे क्रिकेट बघत नायत, मालिका बघत नायत. टीव्हीवर अधिवेशन लागलं की मात्र पहिल्या आमदारापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला इथं पुंडलिकनगरात बसून उत्तर देतेत. साहेबराव त्यांचं नाव. शेंद्र्याच्या कंपनीत युनियनचे पुढारी होते. आता रिटायर झालेत, पण तोंड काय रिटायर होत नाय माणसाचं.

ह्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या तीन नळ्या बंद हायेत, बायपास करून घ्या, उशीर करू नका. सरकारी विम्यात बसतंय, तुमचा खर्च होणार नाय. मी तिथंच डॉक्टरांना हात जोडले. आन् ह्यांनी काय म्हणावं? "मी फुकटचं घेत नसतो. चळवळीतला माणूस हाय मी, लाचार नाय." उठले आन् चालायला लागले. जिन्यात दोनदा टेकले, पण मागं वळून बघितलं नाय.

तेव्हापासून मी सांगून सांगून थकले. रडून झालं, अबोला धरून झाला. विशाखा, माझी लेक, शाळेत शिकवती. तिनं मास्तरीणबाईसारखं समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दुपारी डोळा लागला की त्यांचं पोट वरखाली होतंय का ते मी बघत बसायची. असा राग यायचा मला! माणूस डोळ्यांदेखत चाललाय आन् वर ऐट कशाची, तर स्वाभिमानाची.

त्या दिवशी टीव्हीवर ह्याच विम्याची चर्चा लागली. विमा कुठल्या रंगाचं रेशनकार्ड हाय ते न बघता प्रत्येक घराला द्यायचा का नाय, असं काहीतरी विधेयक होतं. मी वाटाणे सोलत होते, विशाखा आत चहा करायली होती. एक बाई आमदार उठली. "आजारपण काय कार्ड बघून घरात शिरतं का?" म्हणाली. मला तर तिला तिथंच ओवाळावंसं वाटलं. हे चष्मा पुसायला लागले. एरवी अशा वाक्यावर टाळी वाजवतेत.

मग तात्यासाहेब उठले. हा आमच्या भागातला जुना पुढारी. कंपनीत संप झाला तेव्हा मालकाच्या बाजूनं उभा राहिला होता, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव निघालं तरी चूळ भरतेत. गळ्यातलं उपरणं सारखं करत तो म्हणाला, "अध्यक्ष महाराज, फुकटाची सवय लागली की माणूस लाचार होतो. माझ्या भागातला स्वाभिमानी माणूस मरण पत्करील, पण असला विमा घेणार नाही!"

विशाखा गाळणी हातात घेऊनच बाहेर आली. "पप्पा, हे तर तुमचंच भाषण हाय की."

जेवताना दाताखाली खडा यावा तसं ह्यांचं तोंड झालं. "माझं वेगळं हाय," म्हणले.

"काय वेगळं?"

"मी माझ्यापुरतं बोललो. हा साऱ्या जगाच्या वतीनं मरायलाय!" असं म्हणून पलंगावरून उठले आन् टीव्हीला बोट दाखवून सुरू झाले, "ओ तात्यासाहेब, तुम्ही खाली बसा." पण तिकडं बाकं वाजायला लागली, गोंधळ झाला आन् सभागृह तहकूब झालं. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. ह्यांचं बोट तसंच वर.

मला ठाऊक, आता हा माणूस गुमान बसणार, चहा पिणार आन् उद्या परत तेच. म्हणून मी वाटाण्यांवरची नजर न उचलता म्हणलं, "काय म्हणा, मला तर तात्यासाहेबांचं पटलं."

"काय?"

"बरोबरच हाय. फुकटचं कामून घ्यायचं?"

"फुकटचं?" त्यांचा आवाजच चढला. "भामा, काडीपेटी घेतली तरी आपण कर भरतो. जन्मभर कंपनीत राबलो, ते काय हवेत गेलं?"

"तरी पण उपकारच की."

"उपकार? अगं, आपल्या कडुबाचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा सगळ्या कामगारांनी वर्गणी काढली. तो उपकार होता का? आज त्याचा हात गेला, उद्या माझा जाईल, म्हणून काढली. कडुबानं मान खाली घालून घेतली का ती? ताठ मानेनं घेतली! तेच सरकारनं मोठं करून केलं, तर तो हक्क झाला. हक्क सोडणारा स्वाभिमानी नसतो, येडा असतो!"

एवढं बोलले आन् छातीवर हात गेला. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम. माझी सगळी चलाखी गेली उडत. वाटाणे घरभर सांडले. विशाखानं जिभेखाली गोळी दिली, मी त्यांना धरून पलंगावर बसवलं.

"बास करा हो," मी म्हणलं, "मला नाय जिंकायचं. मला तुम्ही पाहिजेत. भांडायला का होईना, पण पाहिजेत." लेकीसमोर कधी रडले नव्हते, पण त्या दिवशी रडले.

हळूहळू त्यांना बरं वाटायला लागलं. विशाखा डॉक्टरांना फोन लावायला गॅलरीत गेली. ते माझ्याकडं वळले.

"तू कधीपासून तात्यासाहेबाच्या बाजूची झालीस गं?"

"झाले आत्ताच."

"मला कळत नाय व्हय? संपात त्याच्या गाडीपुढं आडवी पडलेली बाई तू."

"कळत होतं, तर मग भांडलात कशाला जीव जाईस्तोवर?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. बोटं गार पडली होती.

"एवढं गावभर नाय नाय सांगून बसलो. आता परत कसं फिरावं? वाट पाहिजे का नको माणसाला? तू वाट दिलीस, मी पळालो." मग एकदम बारीक आवाजात म्हणले, "छाती कापतेत गं भामा. कंपनीतल्या पुंजारामनं सांगितलं मला, मधोमध कापतेत. मला लई भ्या वाटतं."

अगं बाई! असं हाय तर. चळवळ, स्वाभिमान, लाचारी, सगळी पुस्तकं उघडून बसला होता हा माणूस, आन् घोडं पेंड खात होतं ते इथं. गेटवर मालकाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणारा माझा नवरा, चाकूला भ्यायला होता. आन् मी येडी, एवढे दिवस त्याच्या हट्टाशी भांडत बसले. भीतीची विचारपूसच केली नाय.

"मला काय भ्या वाटत नाय असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हणलं. "मला तुमच्याहून जास्त वाटतं. दोघं मिळून भिऊ. पण दवाखान्यात जाऊन भिऊ, इथं बसून नाय."

ते हसले. रडल्यासारखं हसले, पण हसले.

"मग सकाळी लवकर निघू," म्हणले. "दुपारपर्यंत थांबलो तर मी परत भाषण करीन."

मी डोळे पुसले आन् विशाखाला हाक मारली. तिनं सांगितलं, डॉक्टर म्हणतेत, परत कळ आली तर रातीच या, नायतर सकाळी भरती करू. मी म्हणलं, कपाटावरची पिशवी काढ, पप्पांचे कपडे भर.