नळाला हात

फोनवर

लेकीनं बोलायचं आणि अण्णांनी ऐकायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे लेकीनं ठरवलं. पलीकडची बाई विचारत होती, घर किती जुनं, वायरिंग कधी बदललं, राहतं कोण. लेक सांगत होती: माझ्यापेक्षा जुनं, कधीच नाही, वडील एकटेच. ‘एकटेच’ म्हणताना तिनं आवाज खाली आणला, एखाद्याच्या दुखण्याबद्दल बोलताना आणतात तसा. अण्णा शेजारी पेपर उघडून बसले होते. तीच बातमी केव्हापासून वाचत होते.

फोन ठेवून ती म्हणाली, गुरुवारी वायरिंग तपासायला माणूस येईल. घर पास झालं तर अण्णांनी खुशाल इथंच राहावं, ती पुन्हा विषय काढणार नाही. नापास झालं तर मात्र तिनं पाहून ठेवलेली सोय. त्या जागेला ती कायम ‘सोय’च म्हणायची. तिथं एका खोलीत तिघं राहतात आणि खिडकी उघडायची तरी कुणाला तरी विचारावं लागतं, हे अण्णांना एकदाच जाऊन कळलं होतं.

येऊ दे की, अण्णा म्हणाले. आपल्या घराला काय धाड भरलीय.

धाड भरली होती ती

न्हाणीघरात. तिथला नळ झटका द्यायचा. फार मोठा नाही, हातावर पट्टी बसावी तेवढा. म्हणून घरात त्या नळाचं नाव मास्तर. आंघोळीला रबरी चप्पल घालायची, नळ फडक्यानं फिरवायचा, मास्तरांच्या अंगाला ओला हात लावायचा नाही. एवढं पाळलं की झालं. अण्णांच्या बायकोनं ते जन्मभर पाळलं, आणि ती गेली ती छातीच्या दुखण्यानं. मास्तरांचा त्यात काही दोष नव्हता. लेकही लहानपणी मार खाऊन शहाणी झाली होती. वायरमनला बोलवावं असं या घरात कधी कुणाला सुचलं नाही. आपण जपून वागायचं, हीच त्यांची दुरुस्ती.

तेव्हा अण्णांनीही दुरुस्ती केली, ती

स्वतःची. बुधवारी दार लावून घेतलं, चप्पल काढली, फरशीवर पाणी ओतलं आणि नळ धरला. सोडला. नळाच्या आईवरून एक शिवी घातली. पुन्हा धरला. दुपारपर्यंत खांद्याचं उडणं थांबलं. मग ओठांचं थरथरणं. मग ते आरशात बघून धरू लागले आणि चेहरा असा ठेवायला शिकले, की जणू पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. संध्याकाळी हात कोपरापर्यंत ठणकत होता आणि अण्णा खूश होते. फडकं त्यांनी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवून दिलं.

गुरुवारी

वायरमन आला. पोट सुटलेला, घाईतला, पुढचं काम डोक्यात असलेला. स्वयंपाकघर पाहिलं, पुढची खोली पाहिली, जिन्याखालचा बोर्ड उघडून मिटला. जुनं आहे, पण माल चांगला वापरलाय, असं काहीतरी पुटपुटला. अण्णांनी त्याला चहा घेणार का म्हणून दोनदा विचारलं. न्हाणीघराशी आल्यावर त्यानं नेहमीचा प्रश्न टाकला.

“काका, इथं कुठं करंट लागतो का?”

“छे.”

लेक दारात उभी होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. मग नळाकडे. मग वडिलांच्या पायांकडे.

“चप्पल काढून दाखवा ना त्यांना, अण्णा. म्हणजे त्यांचीही खात्री होईल.”

अण्णांनी चप्पल काढली, नळ धरला आणि हसले.

“घट्ट धरा.”

घट्ट धरला. आणि ती वायरमनशी बोलत राहिली. बटणं आता पांढरीच मिळतात का, पंख्याचा आवाज कशानं येत असेल. तिला कसलीच घाई नव्हती. अण्णांच्या कपाळावरून घामाची धार निघून नाकाच्या शेंड्यावर आली. चेहरा तसाच, हवापाण्याचा. इतकं चोख काम त्यांनी नोकरीतसुद्धा कधी केलं नव्हतं.

बोलता बोलता वायरमननं हातातल्या मीटरचं टोक नळाला टेकवलं.

“काका, सोडा. सोडा आधी.”

तो तरातरा बाहेर गेला. बापलेक एकमेकांकडे न बघता उभे राहिले. परत येऊन त्यानं सांगितलं, की गीझर आतून गेलाय आणि अर्थिंगचा पत्ता नाही. गीझर बदला, अर्थिंग करून घ्या, दोन दिवसांचं काम. बाकी घर ठणठणीत आहे.

एवढंच? अण्णांना त्याला मिठी मारावीशी वाटली.

“घराचं होईल हो,” लेक म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काळजी आली. आली म्हणजे तिनं आणली. “पण दादा, तुम्ही बघितलंत ना? इतका करंट, आणि यांना कळलंसुद्धा नाही. उद्या हात शेगडीवर राहिला तर?”

वायरमन म्हणाला, तेही खरंच.

“कळत होतं मला,” अण्णा म्हणाले. “लागत होता.”

“मग मघाशी छे कशाला म्हणालात?”

अण्णांनी खरं ते सांगितलं. काल दिवसभर दार लावून सराव केला, आरशात बघून केला. सांगता सांगता त्यांच्याच कानावर ते पडत होतं: एक म्हातारा दिवसभर उघड्या पायांनी करंट खात बसला होता. वायरमननं लेकीकडे पाहिलं, सांत्वनाला आलेले लोक पाहतात तसं. लेकीनं मान खाली घातली. पहिल्या ‘छे’पासून तिला सगळं कळत होतं.

“थांब, दाखवतोच,” म्हणून अण्णांनी पुन्हा नळ धरला. या वेळी लपवायचं काही नव्हतं. खांदा उडवला, डोळे गच्च मिटले, मेलो मेलो म्हणून ओरडले, गुडघ्यातून वाकले.

वायरमननं घसा साफ केला.

“काका, मेन स्विच मी मघाशीच पाडलाय.”

अण्णांनी डोळे उघडले. हात नळावरच होता. लेक पुढे आली, एकेक बोट हलकेच सोडवू लागली, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी.

“चला अण्णा,” ती म्हणाली. “बरोबर कुठले शर्ट घ्यायचे ते बघू या.”