दोर कोण धरणार

ललित भंगाळे जळगावातल्या एका पाइप कारखान्यात तपासणी विभागात आहे. नोकरीमुळे माणूस असा झाला की असा होता म्हणून ही नोकरी मिळाली, हे त्याच्या बाबतीत सांगणं अवघड. दिवसभर तो पाइपाला कुठे चीर नाही ना हे बघतो आणि घरी आला की धूरखडकाची वही उघडून बसतो. दोन वर्षं हेच चाललंय.

धूरखडक चोपडा तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्यात अगदी आत आहे. गाडी सोडून अडीच तास चाललं की एका घळीच्या तोंडाशी हा एकटा सुळका दिसतो. उंची अंदाजे अडीचशे फूट. नाशिक-पुण्याच्या गिर्यारोहकांना अजून त्याचा सुगावा नाही, आणि तो लागायच्या आत आपण वर जाऊन यायचं, असं ललितने मनाशी पक्कं ठरवलं होतं. वय चव्वेचाळीस. उजवा घोटा थंडीत कुरकुर करतो. आणखी दोन हिवाळे असेच गेले तर हे आपल्या हातून होणार नाही, हे त्याला कळत होतं. ते तो कुणाजवळ बोलत मात्र नव्हता.

वहीत काय नव्हतं! वनखात्याच्या परवानगीच्या अर्जाची प्रत होती, पाणी माणशी किती लिटर ते होतं, फोनला रेंज कोणत्या टेकाडावर येते त्याचं चित्र होतं. साप चावला तर लस कुठल्या दवाखान्यात मिळेल आणि तिथवर जायला किती वेळ लागेल, तेही लाल शाईने लिहिलेलं. चढाईत पुढे ललित आणि खाली दोर धरायला पंडित. पंडित त्याचा शाळेपासूनचा मित्र, भुसावळला रेल्वेत आहे, आणि चौदा वर्षं ललितचा दोर त्यानेच धरला आहे.

वाट दाखवणारा तेवढा बाकी होता. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोघं पायथ्याच्या पाड्यावर सुकलालकडे गेले.

सुकलाल पन्नाशीचा, काटकुळा माणूस. पावसाळ्यात ज्वारी-मका, हिवाळ्यात मजुरी आणि उन्हाळा लागला की मध. धूरखडकाच्या कपारीत आग्या माशांची मोहोळं लागतात. खालून पाल्याचा धूर करायचा, वरच्या बाजूने दोर सोडायचा आणि लोंबकळत जाऊन पोळं कापायचं, हे काम त्याच्या घरात बापापासून चालत आलेलं. सुळक्याला नाव पडलं तेही त्या धुरावरूनच. तो वरून खाली उतरतो तो फक्त कपारीपर्यंत, लागून असलेल्या घळीच्या कड्यावर दोर बांधून. सुळक्याच्या टोकावर मात्र पाड्यातलं कुणी गेलं नव्हतं. तिथे मध नाही, मग जायचं कशाला, हा त्यांचा सरळ हिशेब.

ललितने वही उघडून सगळं समजावलं. सुकलालने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तुमना दोर कोन धरस?"

"हा पंडित."

"हाऊ काय लागस तुमले?"

"दोस्त आहे. चौदा वर्षांपासून धरतोय."

सुकलालने मान हलवली. "दोस्त नही चालस. मना दोर ईश्वर धरस. तो मना साला शे. मी पडनू ते त्यानी बहीननं कुकू जाई. म्हनीसन त्याना हात सुटस नही." मग त्याने हेही सांगून टाकलं की बायकोचा भाऊ दोरावर नसेल तर धूरखडकावर पाड्यातला माणूस उतरत नाही, आणि तसा दोर नसेल तर बाहेरच्याला पाडा वाट दाखवत नाही.

ललितची पंचाईत झाली. डिंपलला, म्हणजे त्याच्या बायकोला, भाऊच नव्हता. तिघी बहिणी. पण तो हे सांगणार एवढ्यात पंडितला शक्कल सुचली. तो छाती पुढे काढून म्हणाला, "तसं मी यांचा सालाच आहे. दोस्त आपलं सवयीने म्हणतो हा."

सुकलालची बायको मोगराबाई चुलीशी भाकरी थापत होती. तिने तिथूनच विचारलं, "बहीननं नाव काय शे?"

"डिंपलवहिनी," पंडित म्हणाला.

पाड्यातली चार माणसं जमली होती ती हसून हसून बेजार झाली. स्वतःच्या बहिणीला वहिनी म्हणणारा भाऊ त्यांनी प्रथमच पाहिला होता. पंडितचे कान लाल झाले. ललितला वाटलं, दोन वर्षांच्या मेहनतीवर याने एका शब्दात पाणी फिरवलं.

मोगराबाई पदराने डोळे पुसत पुढे आली. ती आता हसत नव्हती. "भाऊ नही ते नही. बाईले इचारं का?"

"काय विचारायचं?" ललित म्हणाला.

"जाऊ का म्हनीसन. मी हा म्हनस तवयच मना भाऊ दोर धरस. मी नही म्हनं ते त्या वरीसले मध नही." सुकलालने मुकाट्याने मान डोलावली. दोन वर्षांमागे मोगराबाईला बरं वाटत नव्हतं म्हणून ती नाही म्हणाली होती, आणि त्या उन्हाळ्यात दोर खाली आलाच नव्हता. "भाऊ नही ना? मग तिलेच आना. ती धरी दोर."

परतताना अडावद गावात चहाला गाडी थांबली. ललितने सवयीने वही उघडली. डिंपलचं नाव त्यात शोधलं. एकाच जागी सापडलं, शेवटच्या पानावर. अपघात झाल्यास कळवायचा नंबर. त्याला स्वतःचीच लाज वाटली. सतरा वर्षांच्या संसारात तो कधी "जाऊ का" म्हणाला नव्हता. "जातोय" म्हणायचा आणि पिशवी भरायचा.

घरी गेल्यावर त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. पंडितची फजिती ऐकून डिंपल पोट धरून हसली. मग म्हणाली, "दोर धरायला काय शिकावं लागतं?"

"अगं, तुझं वजन कमी, मी वरून पडलो तर तूच वर उचलली जाशील."

"मी काय विचारलं न् तुम्ही काय सांगून राहिले? शिकावं काय लागतं?"

त्यामुळे पुढचे रविवार बंद पडलेल्या एका दगडखाणीत जाऊ लागले. पस्तीस फुटांची उभी भिंत, तीत पंडितनेच पूर्वी ठोकलेले पाच बोल्ट. डिंपलच्या कमरेचा पट्टा मागच्या लिंबाला बांधून टाकला म्हणजे वजनाची अडचण मिटली. पंडित शिकवायला कडक. चढणारा वर सरकला की ढील द्यायची, थांबला की दोर ताणायचा, आणि काहीही झालं तरी खालचा हात सोडायचा नाही. डिंपल बालवाडीत शिकवते, वीस पोरांवर एकाच वेळी नजर ठेवायची तिला सवय. चौथ्या रविवारी पंडितने कबूल केलं की वहिनी आपल्यापेक्षा बरा दोर धरतात.

त्याच दिवशी डबा खाताना त्याच्या तोंडून सहा वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. नाशिककडच्या एका सुळक्यावर ललितचा घोटा मोडला होता. दगड निखळला, असं ललितने घरी सांगितलं होतं. पंडित आपल्या नादात म्हणाला, "वारा सुटलेला, मी चार वेळा हाक मारली की खाली ये. हा म्हणतो, थोडंच राहिलंय. आणि मग पडला." बोलून गेल्यावर त्याला कळलं, आणि त्याने भाजीत तोंड घातलं. डिंपलने पोळीचा तुकडा मोडला. घरीही तिने तो विषय काढला नाही, आणि आठवडाभर ललितचा जीव टांगणीला लागला.

डिसेंबरचा पहिला रविवार. सुकलालला दोन दिवसांत निरोप द्यायचा होता, कारण नंतर तो उसाच्या तोडीला जाणार होता आणि मग हा हिवाळा गेलाच. ललित त्या दिवशी झकास चढत होता. घोटाही गप्प होता. पाचव्या बोल्टात त्याने दोर अडकवला आणि माथ्याकडे पाहिलं. दोन हात उरले होते.

"ढील दे," तो ओरडला.

ढील आली नाही.

"डिंपल, ढील!"

"खाली या," डिंपल म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. खाली या."

त्याला वाटलं ती घाबरली. त्याने समजावलं, हात घट्ट आहे, दगड पक्का आहे, दोनच हात राहिलेत. दोर तसाच ताठ. वर सरकावं तर कंबर खाली ओढली जात होती. आता मात्र त्याला संताप आला. "पंडित, घे रे तो दोर तिच्या हातातून."

पंडित लिंबाला टेकून उभा होता. त्याने दोन्ही हात खिशात घातले. "दोर त्यांचा आहे. मी हात लावणार नाही."

ललित भिंतीला चिकटून राहिला. खाली उतरलो तर ही पुन्हा मधेच अडवेल, धूरखडकावरही अडवेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. नाही उतरलो तर ही पट्टा कायमचा काढून ठेवेल, म्हणजे धूरखडक संपला. पण त्याहून एक गोष्ट त्याला आत टोचत होती. तिची हाक अगदी साधी होती. तिच्यात रडणं नव्हतं, भांडण नव्हतं. घोटा मोडला तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात नऊ रात्री ती फरशीवर झोपली होती आणि तेव्हाही तिने आवाज चढवला नव्हता. खालून आलेली हाक पाळावी लागते, हे आपण कारखान्यात शिडीवर चढणाऱ्या नव्या पोरांना शिकवतो. इथे चौदा वर्षांत एकदाही पाळली नाही.

"उतरव," तो म्हणाला.

दोर ताणलेलाच राहिला आणि मग सावकाश, एकसारखा सुटू लागला. त्याचे पाय जमिनीला लागले तेव्हा डिंपल त्याच्याकडे बघत होती. तिच्या तळहातावर लाल वळ उठला होता.

"दोन हात राहिले होते गं," ललित म्हणाला. त्याचा राग अजून पुरता गेला नव्हता.

"दिसत होतं मला."

"मग?"

"पंडितभाऊंनी चार हाका मारल्या, तेव्हा नाही आलात." ती म्हणाली. "आज माझ्या हाकेला आलात. तेवढंच बघायचं होतं. तुम्ही चढता याचं मला कधीच भ्या वाटलं नाही हो. बोलावलं तरी येणार नाहीत, याचं वाटायचं."

पंडित उगाच खाणीच्या पलीकडे बघत होता. डिंपलने पदराच्या टोकाने डोळे कोरडे केले आणि कमरेचा पट्टा नीट केला.

"लावा फोन सुकलालभाऊंना," ती म्हणाली. "सांगा, मी येते. दोर मी धरीन."