सात मोऱ्या

बाबांनी बांधलेल्या घरात मला तिकीट काढून जावं लागलं, तिथूनच माझं डोकं फिरलं होतं. त्यात दारावरचा माणूस म्हणाला, "माताजी, चप्पल यहीं उतारिए." ज्या उंबऱ्यावर दप्तर आपटून मी लहानपणी रडायचे, तिथे हा मला चपला कुठे ठेवायच्या ते दाखवत होता.

माझे बाबा, नरहर, वास्तुविशारद होते. काशीत अस्सी घाटाच्या पुढे, गंगेकाठी त्यांनी एकसष्ट साली हे घर बांधलं. जागेवर एक कदंब होता. तो त्यांनी तोडला नाही, जिनाच त्याच्याभोवती वळवला. विटा तिथल्याच मातीच्या पाडून घेतल्या. नावेतून बघितलं तर काठ कुठे संपला आणि घर कुठे सुरू झालं, हे पटकन कळायचं नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाने, यज्ञेशने, ते एका ट्रस्टला देऊन टाकलं. त्याने इतका तगादा लावला की मीही सही केली, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलले नाही. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण हा राग काही मला वजा करता आला नाही.

आम्ही बारा-पंधरा पाहुणे होतो. घर दाखवायला हिमानी होती, ट्रस्टची तरुण वास्तुविशारद. आपलीच, ब्रह्माघाटावरच्या मराठी घरातली. तिने मला ओळखलं, नमस्कार केला, मी मान फिरवली. "यह घर प्रकृति से बात करता है," ती लोकांना सांगत होती. घर कुणाशी बोलत नव्हतं. बोलायचे बाबा, आणि तेही बहुतेक रागवायलाच. कदंबाभोवती लोकांनी फोटो काढले. मग आम्ही खालच्या दालनात उतरलो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नदीकडच्या कमानींना काच लावली होती. जमिनीवर चकचकीत लाकूड, भिंतीवर बाबांचे फोटो, प्रत्येकावर दिवा. मी वाकून भिंतीचा तळ बघितला. मोऱ्या नव्हत्या. भिंत खालपासून वरपर्यंत गुळगुळीत.

गंगा दर पावसाळ्यात वर चढते, हे काशीत कुणाला सांगावं लागत नाही. बाबांनी तिला अडवलं नव्हतं. भिंतीच्या तळाशी, नारळ आत जाईल एवढ्या सात मोऱ्या ठेवल्या होत्या. एरवी त्यांत विटा नुसत्या बसवलेल्या असत. पाणी जवळ आलं की बाबा स्वतः त्या काढायचे. पाणी शांतपणे आत यायचं, बाहेर जेवढं तेवढंच आत उभं राहायचं, आणि भिंतीवर भार पडायचा नाही. त्या दिवशी आई जिन्यावर उभी राहून खणानारळाने गंगेची ओटी भरायची, माहेरी आलेल्या लेकीची भरावी तशी. पंधरा दिवस आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. पाणी उतरलं की सगळे मिळून गाळ खरवडायचो, आणि गाळाबद्दल कुरकुर केलेली आईला खपायची नाही.

काचेतून बाहेर बघितलं. घाटाच्या पाच पायऱ्या पाण्याबाहेर होत्या.

"मोऱ्या कुणी बुजवल्या?" मी विचारलं. माझा वर्गातला आवाज निघाला असावा, कारण पाहुणे गप्प झाले.

"कालिंदीमावशी, त्या नाल्या होत्या ना?" हिमानी म्हणाली. "उंदीर यायचे, म्हणून सिमेंटने बंद करवल्या."

"नाल्या? अगं, याच भिंतीवर सगळी गंगा रेलणार आहे आता. आत रिकामं, बाहेर पुरुषभर पाणी. ही भिंत परवा आत पडेल, आणि वरचं घर हिच्यावरच उभं आहे. कसल्या पदव्या घेतल्यात तुम्ही? लाकूड काय घालता, काचा काय लावता. घर समजून घ्यायची अक्कल नाही आणि निघालात लोकांना दाखवायला."

तिचा चेहरा उतरला. ती पायऱ्यांकडे बघत राहिली. "काल सहा होत्या," ती हळूच म्हणाली. मग लोकांना वर पाठवून माझ्याकडे आली. "मावशी, तुमचं बरोबर असेल. पण नुसत्या बोलण्यावर ट्रस्टवाले फर्श नाही उखडू देणार. मला कागद पाहिजे, असली नकाशा, तुमच्या बाबांनी काढलेला. म्हणून तर गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते. दोनदा."

आली होती. पहिल्यांदा मी दारातूनच सांगितलं, माझ्याकडे काही नाही. दुसऱ्यांदा ती पेढे घेऊन आली, तर मी पेढेही परत केले. घर घेतलंत ना, मग बसा अंधारात चाचपडत, असं मनात म्हटलं होतं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता ते कबूल करायची लाज वाटत होती. पण पायऱ्या पाचच होत्या.

"नकाशा आहे," मी म्हणाले. "माझ्या पेटीत."

हिमानी लगेच माझ्याबरोबर निघाली. मैदागिनपर्यंत ऑटो, पुढे दुर्गाघाटावरच्या माझ्या घरापर्यंत गल्ल्यांतून चालत, ती सगळी वाट गप्प होती. तिने चार शब्द सुनावले असते तर मला उलटून बोलता आलं असतं.

पेटीतून मी पत्र्याचं नळकांडं काढलं. बाबा गेल्यापासून मी ते उघडलंसुद्धा नव्हतं, फक्त कुणाला द्यायचं नाही एवढं ठरवलं होतं. हिमानीने नकाशा पलंगावर पसरला, मी कोपरे धरले. सात मोऱ्या लाल शाईने काढल्या होत्या, त्यांवर आकडे घातलेले. तिने फोटो काढून पाठवला आणि लगेच फोन लावला. बराच वेळ हिंदीत भांडली. माझ्यापेक्षा चांगली भांडली. "आज शाम से तोड़ना शुरू," ती शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला. मी खाली बसले.

नकाशा गुंडाळताना ती थांबली. तळाशी बाबांच्या हातचं मराठी होतं. मराठी वाचायची तिला फार सवय नाही, म्हणून एकेक शब्द लावत तिने मोठ्याने वाचलं.

"तीन पायऱ्या उरल्या की मोऱ्या उघडाव्यात. मी नसलो तर कालिंदीला विचारावं. तिला सगळं ठाऊक आहे, ती सांगेल."

हिमानीने मान वर केली. आवाज जराही चढवला नाही.

"विचारलं होतं," ती म्हणाली.