स्वतः मिळवलेला खडा

वाचनालयासमोरच्या गल्लीत त्याचं झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन यंत्रं, कागद कापायचं एक कटर, एक उंच स्टूल आणि त्या स्टुलावर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत तो. बावीस वर्षं हेच. लोक त्याला झेरॉक्सवाले म्हणत. बायको म्हणे, "स्वतःचीच एक प्रत काढून त्या स्टुलावर बसवा आणि तुम्ही घरी या."

त्याला एक खोड होती. यंत्रातून जे बाहेर पडेल ते तो वाचायचा. भाडेकरार, परीक्षेच्या नोट्स, मांजर हरवल्याच्या जाहिराती, काहीही. पण सगळ्यांत मन लावून वाचायचा ते खनिज संग्राहक मंडळाचं पत्रक. मंडळाच्या चिटणीस म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी त्या यायच्या आणि "चाळीस प्रती, पाठपोट" एवढंच म्हणायच्या. कोणाला कुठल्या खाणीत जांभळा स्फटिक मिळाला, कोणाचा हातोडा दरीत पडला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी कोण कशावर बोलणार, सगळं त्या पत्रकात असायचं. वर्षातून एकदा मंडळाची नियमावलीही छापायला यायची. अकरा वर्षं हे वाचून त्याला मंडळाची खडान्खडा माहिती झाली होती. खडा मात्र एकही पाहिला नव्हता.

एका गुरुवारी बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मागच्या पत्रकात मी 'अभ्रक'ऐवजी 'अभक्र' लिहिलं होतं. ते पेनानं तुम्ही सुधारलंत?"

"न विचारता केलं, बाई. चुकलं का?"

"चुकतंय कसलं! मंडळात या म्हणते मी. वाचून वाचून अर्धे सभासद झालाच आहात."

"दुरून डोंगर साजरे, बाई. आपलं स्टूल बरं."

"मग आता जवळून बघा. हा अर्ज. आणि सातव्या नियमाप्रमाणे स्वतः मिळवलेला एक खडा आणा. कुठे, कधी, कसा मिळाला ते सभेत सांगायचं. बस्स."

पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर गेला. उन्हात चार तास वाकून वाकून त्यानं एक हिरवा, पारदर्शक तुकडा शोधला. बाईंनी तो दुकानातल्या दिव्याखाली धरला आणि हळूच म्हणाल्या, "बाटलीचं बूड आहे हो." त्याच्या पुढच्या रविवारी एक जड, चमचमणारा गोळा मिळाला. तो निघाला सिमेंटचा, कोणाच्या तरी पाडलेल्या गच्चीचा.

"डोंगर पोखरून गच्ची काढलीत," बायको म्हणाली आणि घरी पोचेपर्यंत हसत राहिली.

त्याच आठवड्यात, मंगळवारी दुपारी, एका प्रबंधाला स्पायरल घालता घालता त्याच्या उजव्या कुशीत अशी कळ आली की तो स्टुलावरून सरळ जमिनीवर. गिऱ्हाइकानं बायकोला फोन केला. ती पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होती. हातातलं बिल तसंच टाकून रिक्षानं आली.

दवाखान्यात एक्स-रे काढून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

"चहा धरून?" त्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी नुसतं बायकोकडे पाहिलं. "मुतखडा आहे. लहान आहे, आपोआप पडेल. रोज तीन लिटर पाणी. गाळणी ठेवा, आणि पडला की तपासायला आणून द्या."

"अख्ख्या गावाला पाणी पाजते मी," बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "आणि घरातला माणूस कोरडा!"

तीन दिवस ती हातात तांब्या घेऊन त्याच्या मागे फिरली. शुक्रवारी सकाळी न्हाणीघरातून 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि पाठोपाठ तो बाहेर आला, घामाघूम, पण चेहरा असा की जणू लढाई जिंकून आला. गाळणीत दोन तुकडे होते. लहान तुकडा प्रयोगशाळेत गेला. मोठा, मोहरीपेक्षा मोठा आणि मिरीपेक्षा लहान, बायकोनं उकळत्या पाण्यातून काढून औषधाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवला.

शनिवारी जेवताना त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"उद्या सभा. बाईंनी माझं नाव सभेच्या सूचनेत घातलंय, मीच छापलंय. आणि हातात काही नाही. काय तोंड दाखवू?"

बायकोनं ती डबी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"स्वतः मिळवलाय की नाही? कुठे, कधी, कसा, सगळं सांगता येतं की नाही? मी साक्षीला आहे."

त्याला हसू फुटलं, आणि हसताना कूस दुखली म्हणून तो आणखी हसला. पण रविवारी हॉलच्या पायऱ्या चढताना त्यानं खिशातली डबी दोनदा चाचपली.

हॉलमध्ये पंधरा-सतरा माणसं होती. लांब टेबलांवर खोक्यांतून दगड मांडले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी. टोकाला अध्यक्ष बसले होते. खाणीत मोजणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. गळ्यात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. ते हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यांनी डबी उघडली, चिमट्यानं खडा उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चारी बाजूंनी फिरवून फिरवून पाहिला.

"या," शेवटी ते म्हणाले. "सगळ्यांनी बघा."

रांग लागली. काचेखाली मधाच्या रंगाचे, धारदार कडांचे स्फटिक एकमेकांवर रचलेले दिसत होते. एकानं तर खडा हातावर घेऊन खिडकीशी नेला.

"असे स्वच्छ कोपरे फार क्वचित दिसतात," भिंगकाका म्हणाले. "स्थळ?"

"जवळचंच आहे," तो पुटपुटला.

"जवळचं म्हणजे? नकाशावर दाखवता येईल?"

"नकाशावर नाही येणार," मागच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "पण एक्स-रेवर दाखवता येईल." आणि तिनं पिशवीतून फिल्म काढली.

क्षणभर कोणाला उमगलं नाही. मग बाई फिस्सकन हसल्या आणि हॉलभर हशा पिकला. खिडकीजवळच्या गृहस्थांनी खडा अलगद डबीत ठेवला आणि हात धुवायला गेले.

भिंगकाका मात्र हसले नाहीत. "शरीरात तयार होतं ते खनिज नव्हे. खनिज जमिनीत होतं. अर्ज नियमात बसत नाही."

"मग तुमच्या कपाटातला मोती कोणत्या जमिनीत झाला?" बाईंनी विचारलं.

तिथून जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. एकजण म्हणाला, याच घटकांचे स्फटिक कोळशाच्या थरांतही सापडतात. भिंगकाका म्हणाले, सापडतात, मी स्वतः पाहिलेत, पण तो प्रश्न नाही. दुसऱ्यानं मतदान घ्या म्हटलं, तिसऱ्यानं आधी चहा घ्या म्हटलं. घोडं काही पुढे सरकेना.

शेवटी झेरॉक्सवाले उठून उभे राहिले.

"नियमात 'खनिज' असा शब्दच नाहीये, काका. 'नव्या सभासदाने स्वतः मिळवलेला एक खडा सादर करावा.' सातवा नियम, दुसरी ओळ."

"तुम्हाला पाठ आहे?"

"अकरा वर्षं छापतोय."

बाईंनी नियमावली उघडून भिंगकाकांपुढे धरली. त्यांनी दुसरी ओळ भिंगातून वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बायकोला वाटलं, माणसाला काही होतंय की काय. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हा नियम सुधारा," ते डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या सभेत. आज नाही. आज याची चिठ्ठी लिहा. स्थळ : उजवं मूत्रपिंड."

त्याचा जीव भांड्यात पडला.

दोन आठवड्यांनी मंडळाची सहल एका बंद पडलेल्या दगडखाणीत गेली. त्यानं पहिल्यांदाच हातोडा धरला. दुपारपर्यंत तळहाताला दोन फोड आले आणि हाती लागली नुसती खडी. बायको सभासद नव्हती; तो वेळेवर पाणी पितो की नाही ते बघायला आली होती. सावलीत बसून कंटाळली तेव्हा तिनं बाजूला पडलेला एक बेढब, मातकट गोटा पायाखाली धरला आणि त्याच्यावर हातोडा घातला. गोटा दुभंगला. आतून तो पोकळ होता आणि त्या पोकळीच्या भिंतींवर पाण्यासारखे नितळ स्फटिक दाटीनं उभे होते.

भिंगकाका गुडघे टेकून खाली बसले. "वहिनी, अर्ज कधी देताय?"

"मी कसली! मी आपली पाणी पाजायला आलेय," ती म्हणाली, पण गोट्याचे दोन्ही अर्धे तिनं पदरात घट्ट धरले होते.

ते बघून तो जो पेटला तो थांबेचना. चार वाजले, सामान आवरलं गेलं, बसवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"अहो, चला आता!" बायकोनं हाक मारली.

"आलोच. एवढा एकच फोडतो."

"मघापासून सहा वेळा म्हणालात हे."

"थांबा जरा," भिंगकाका बसवाल्याला म्हणाले आणि बसच्या पायरीवर निवांत टेकले. "पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं."