निरीक्षणाखाली

एक्स-रे फिल्मवरची रेष चौदा मिलिमीटर लांब होती आणि केसाहून बारीक. त्रिवेणीने ती तीनदा मोजली. रॉकेट मोटारीच्या घन इंधनात अशी चीर असली, की आग तिच्यात शिरते, दाब वाढतो आणि पोलादी कवच फुटतं.

पंधरा दिवसांपूर्वी पहिल्या मोटारीच्या चाचणीत तसंच फुटलं होतं. कवचाचा तुकडा आडोशाच्या भिंतीचं दार भेदून आला आणि मागे उभ्या शिवराज या कामगाराचा जबडा घेऊन गेला. तो लगेच मेला नाही. त्याचा जोडीदार मिलिंद दोन्ही हातांनी जखम दाबून बसला होता. रक्त थांबलं नाही. परवा बरकतपुऱ्यात शिवराजच्या घरी तेरावा झाला.

आज त्याच खेपेतली दुसरी मोटार तयार होती. शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेची ही मोटार. दिल्लीची समिती चार वाजता चाचणी बघणार आणि मग निधीचं ठरवणार. तपासणीच्या कागदावर त्रिवेणीची सही तेवढी राहिली होती.

"झाली का सही, मॅडम?" प्रकल्पप्रमुख हिम्मतराव आत आले. "समितीतले निम्मे आधीच कुरकुरताहेत. शत्रूनं दहा नकली क्षेपणास्त्रं सोडली की तुमची ढाल संपली, म्हणतात. आज मोटार पेटली नाही, तर प्रकल्प गेला म्हणून समजा."

"मागच्या वेळी पेटली की, सर," दारातून मिलिंद म्हणाला. "शिवराजच्या तोंडातून धूर निघत होता."

"तू बाहेर हो. उद्या या शहरावर काही पडलं तर लाखो माणसं..."

"लाखांचं नक्को सांगा, सर! चाचणीला मोटार चढवणारे आम्ही चौघं. आज दारामागं तुम्ही उभे ऱ्हाता का?"

"शिवराज नियमानं वागला असता, तर जिवंत असता."

मिलिंदने कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं. पहिल्या ठोशात नाकाचं हाड मोडलं. त्रिवेणीला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. दुसऱ्या ठोशाला त्यांचं डोकं फिल्म बघायच्या दिव्यावर आदळलं. काच फुटली, कपाळ फाटलं. फिल्मवर रक्त पसरत रेषेपर्यंत आलं. मिलिंदने काचेचा लांब तुकडा उचलला. "मेलेल्यावर ढकलता? बोला, कुणाची चूक?"

त्रिवेणीला उत्तर ठाऊक होतं. पहिल्या मोटारीच्या कागदावर तिनेच 'निरीक्षणाखाली' असं लिहून सही केली होती. या इमारतीत त्या शब्दाचा अर्थ 'चालेल' असा घेतात, हे तिला अकरा वर्षं माहीत होतं.

तिने मिलिंदचं मनगट पकडलं. काच तिच्या तळव्यात रुतली. तिने हात सोडला नाही.

"माझी," ती म्हणाली. "पहिल्या मोटारीतली रेषही मला दिसली होती, मिलिंद. मी गप्प बसले."

काच खाली पडली. हिम्मतराव भिंतीला धरून उठत होते.

"सर, ही मोटार पेटणार नाही. मी सही करणार नाही, आणि चार वाजता दोन्ही फिल्म समितीसमोर मीच ठेवणार आहे."